स्पॅनिशचा साधा भविष्यकाळ

प्रश्न : मी स्पॅनिश शिकत आहे. 'जाणे' या अर्थाच्या 'ईर' क्रियापदाच्या आधाराने 'बोय आ आब्लार' (मी बोलणार आहे) असे म्हणता येत असताना 'आब्लारे' (मी बोलेन) हे वेगळे रूप, त्याच्या अनियमित धातूंसह, शिकण्याची गरज आहे का? शिवाय 'सेरान लास ओचो' या वाक्यात भविष्याचा संबंध काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गरज निश्चित आहे, आणि हे रूप वाटते तितके अवघड नाही. त्याचा उगम बोली लॅटिनमध्ये आहे : मूळ क्रियापदापुढे 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे जोडली जात आणि कालांतराने ती त्यात मिसळून गेली. त्यामुळे -आर, -एर, -ईर असा शेवट असणाऱ्या क्रियापदांच्या तिन्ही गटांना ए, आस, आ, एमोस, एइस, आन हे एकच प्रत्यय लागतात, आणि तेही मूळ रूपातले काहीही न गाळता : आब्लारे, कोमेरे, बिबिरे.

अनियमितता असते ती फक्त धातूत. 'पोदेर', 'साबेर', 'केरेर' यांतला 'ए' गळून पोद्रे, साब्रे, केर्रे होते. 'तेनेर', 'पोनेर', 'सालीर' यांत स्वर गळल्यावर 'र'च्या आधी 'द' येतो आणि तेन्द्रे, पोन्द्रे, साल्द्रे तयार होते. 'आसेर' आणि 'देसीर' यांची आरे, दिरे ही आखूड रूपे मात्र पाठच करावीत. आघाताकडे विशेष लक्ष द्यावे, कारण 'आब्लारा' याच्या शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर 'तो बोलेल' हा अर्थ होतो आणि मधल्या अक्षरावर दिला तर ते संकेतार्थाचे (सब्जंक्टिव्हचे, म्हणजे इच्छा, शंका, शक्यता दाखवणाऱ्या रूपांचे) भूतकाळी रूप ठरते. लेखनात हा भेद केवळ आघातचिन्हाने दिसतो.

रोजच्या बोलण्यात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, ठरलेल्या बेतासाठी 'बोय आ' अधिक ऐकू येते हे खरे. परंतु साध्या भविष्यकाळाचे दुसरे काम त्याच्याकडे सहसा सोपवता येत नाही, आणि ते काम म्हणजे वर्तमानाविषयीचा अंदाज. 'सेरान लास ओचो' म्हणजे 'आठ वाजले असतील'. 'एस्तारा एन कासा' म्हणजे 'तो घरी असेल'. मराठी माणसाला हा प्रयोग समजावून सांगावाच लागत नाही, कारण 'असेल' या रूपाने आपणही रोज हेच करतो. माझ्या मते शिकवणाऱ्यांनी सुरुवात येथूनच करावी.

जेथे मराठीची सवय नडते, ती जागा वेगळी आहे. 'मी पोचेन तेव्हा तुला फोन करेन' या वाक्यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो. स्पॅनिशमध्ये मात्र भविष्यातल्या घटनेविषयी 'क्वान्दो' (जेव्हा) नंतर संकेतार्थ लागतो : 'क्वान्दो येगे, ते यामारे'. 'क्वान्दो येगारे' ही चूक आहे. 'सी' (जर) नंतरही भविष्यकाळ चालत नाही. तेथे साधा वर्तमानकाळ येतो आणि 'पाऊस पडला तर घरी राहीन' हे वाक्य 'सी युएबे, मे केदारे एन कासा' असे होते.