बी पेशी मारायच्याच, तर लस कशाला?

प्रश्न : डॉक्टरबाई, आईला आमवात आहे. गोळ्यांनी भागेना, म्हणून आता रिटुक्सिमॅबचं सलाईन ठरलंय. ठाण्याचे डॉक्टर म्हणतात, आधी न्यूमोनियाची लस घ्या, मग महिन्याने सलाईन. पण हे औषध बी पेशी मारतं, आणि अँटिबॉडी बनवतात त्या बी पेशीच. मग लस वायाच जाणार ना?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : शंका रास्त आहे. पण ‘बी पेशी’ म्हणून आपण ज्यांना एका दावणीला बांधतो, त्यांची वयं वेगळी, कामं वेगळी. रिटुक्सिमॅब शोधतं ते सीडी२० नावाचं प्रथिन. ते जिच्या अंगावर, तिच्यावर गदा. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर ते नसतं, म्हणून साधारण ६ ते १२ महिन्यांत नव्या बी पेशी रक्तात दिसू लागतात. दुसऱ्या टोकाच्या, म्हणजे पूर्ण वाढून अँटिबॉडी ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींवरही ते जवळजवळ नसतं, आणि आईंच्या लशीची सगळी भिस्त त्यांच्यावरच आहे.

नौपाड्यातल्या लॅबमध्ये बोन मॅरोच्या स्लाइड बघताना ही पेशी मला चटकन सापडायची. अंडाकृती, गडद निळी, केंद्रक एका कडेला सरकलेलं, त्यात बैलगाडीच्या चाकासारखे आरे आणि शेजारी एक फिकट डाग. तो डाग म्हणजे गॉल्गी, अँटिबॉडी तयार होऊन बाहेर पडण्याआधीचा मुक्काम. एक प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो अँटिबॉडी सोडते. रक्तातलं आयजीजी (अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) सुमारे ३ आठवड्यांत निम्म्यावर येतं, तरी लहानपणी गोवर झालेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही. मज्जेत ठाण मांडलेल्या या पेशी वर्षानुवर्षं पुरवठा चालू ठेवतात.

पण त्या तयार व्हाव्या लागतात. लस टोचल्यावर कधीकधी काखेत अवधाण (सुजलेली लसिका ग्रंथी) येतं आणि माणसं घाबरून सोनोग्राफीला धावतात. त्या ग्रंथीत बी पेशींची निवड चाललेली असते. जनुकांचे तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने जोडले गेल्यामुळे प्रत्येक बी पेशीची पकड निराळी असते (हे उलगडल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७चं नोबेल). जिला लशीतला अंश जुळतो ती भराभर वाढते, तिच्या जनुकांत बारीक फेरफार होतात, घट्ट पकडणाऱ्या टिकतात. काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात, काहींच्या जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी. याला काही आठवडे लागतात. पाणथरीतल्या काही बी पेशी तर मदतनीस टी पेशींची वाट न बघता न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या शर्करायुक्त कवचावर थेट तुटून पडतात.

प्लाझ्मा पेशी सोडल्या तर या सगळ्या बी पेशींवर, स्मृतिपेशींवरसुद्धा, सीडी२० असतं. सलाईन आधी लागलं तर लशीची दखल घ्यायलाच फारसं कोणी उरत नाही. आधी लस घेतली तर महिन्याभरात प्लाझ्मा पेशी मज्जेत पोचलेल्या असतात. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. फ्लूची लसही याच वेळी उरकून घ्या. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र सलाईननंतर चालत नाहीत. सलाईनचे कोर्स वारंवार झाले तर आयजीजी घटू शकतं, ते अधूनमधून तपासायला सांगा. आणि ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत आईंना मास्क लावूनच न्या, कोणी हसलं तर हसू दे.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सलाईनआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का? एचबीएसएजी (विषाणूचा अंश शोधणारी) आणि अँटि-एचबीसी (पूर्वी लागण होऊन गेल्याची खूण शोधणारी), दोन्ही रक्ततपासण्या हव्यात. पुष्कळदा पहिलीवरच भागवतात. शरीरात दबून राहिलेला हा विषाणू या औषधानंतर उसळून यकृतावर घाला घालू शकतो. ते दोन रिपोर्ट हातात आल्याशिवाय सलाईनची तारीख घेऊ नका.