कॉन्टॅक्ट प्रॉब्लेमसाठी पेनल्टी, लॅग्रांज मल्टिप्लायर की ऑगमेंटेड लॅग्रांजियन?

तुमचा प्रश्न असा: फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये सपाट पोलादी पृष्ठावर पोलादी गोळा दाबलाय, पेनल्टी (दोन पृष्ठांमध्ये धरलेल्या काल्पनिक स्प्रिंगचा कडकपणा) कमी ठेवली तर गोळा आत घुसतो आणि वाढवली तर सोल्यूशन कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावत नाही, मग कुठली पद्धत घ्यावी?

आधी किती घुसलेलं चालेल ते ठरवा. 'एखादा मायक्रॉन म्हणजे काहीच नाही' असं वाटतं, पण आकडे मांडून बघा. गोळ्याची त्रिज्या 10 मिमी, बल 100 न्यूटन धरलं, तर हर्ट्झच्या 1882 च्या लवचिक संपर्काच्या सूत्रांनुसार संपर्काची त्रिज्या सुमारे 0.19 मिमी, मधला कमाल दाब जवळपास 1370 मेगापास्कल, आणि दोन्ही वस्तू मिळून एकमेकींकडे सरकतात फक्त साडेतीन मायक्रॉन! त्यात एक मायक्रॉन पेनल्टीनेच खाल्ला, तर तुमचं उत्तर पोलादाचं उरलं नाही, त्या काल्पनिक स्प्रिंगचं झालं. घुसणं या साडेतीन मायक्रॉनच्या एक टक्क्यात ठेवायचं तर पेनल्टी साधारण 4×10⁷ न्यूटन प्रति घन मिमी लागते. मेश (मॉडेलचे एलिमेंट नावाच्या छोट्या तुकड्यांत केलेले भाग) 0.02 मिमीची असेल तर हे यंग्ज मॉड्युलस (पोलादाचा लवचिक कडकपणा) भागिले एलिमेंटचा आकार, याच्या चौपट येतं. त्याच्या शेकडो पट वर गेलात की मॅट्रिक्सचं कंडिशनिंग बिघडतं (समीकरणं अचूक सुटत नाहीत) आणि न्यूटनच्या पद्धतीने उत्तर सुधारत जाताना एका फेरीत टेकलेला नोड (एलिमेंटच्या कोपऱ्याचा बिंदू) पुढच्या फेरीत सुटतो, परत टेकतो. तुमचं बहुधा हेच होतंय.

म्हणून मी इथे ऑगमेंटेड लॅग्रांजियन घेईन. पेनल्टी मध्यमच राहते. प्रत्येक वेळी कन्व्हर्ज झाल्यावर उरलेल्या घुसण्यावरून संपर्कदाब सुधारायचा आणि पुन्हा सोडवायचं. फेऱ्या वाढतात, पण घुसणं हवं तेवढं खाली आणता येतं.

शुद्ध लॅग्रांज मल्टिप्लायर, म्हणजे संपर्कदाबालाच वेगळं अज्ञात धरणं, 'आत घुसायचं नाही' ही अट तंतोतंत पाळतो. मात्र अज्ञातं वाढतात, मॅट्रिक्सच्या कर्णावर शून्यं येतात, त्यामुळे कॉन्जुगेट ग्रेडियंट हा समीकरणं फेऱ्याफेऱ्यांनी सोडवणारा साधा सॉल्व्हर चालत नाही. शिवाय त्याच नोडवर दुसरी बाउंड्री कंडिशन असेल तर अटी एकमेकींत अडकतात. छोट्या मॉडेलला मात्र तो उत्तम.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. सुरुवातीच्या काळात मी एका मॉडेलमधल्या दाबाच्या टोकदार शिखरांमागे कितीतरी दिवस पेनल्टी बदलत बसलो होतो. दोष होता नोड-टू-सेगमेंट मांडणीचा, म्हणजे संपर्काची अट एका बाजूच्या नोडवर, समोरच्या पृष्ठाच्या तुकड्यांशी तपासण्याचा. दोन्ही बाजूंची मेश जुळत नसेल तर ही मांडणी एका दिशेने वापरल्यावर पॅच टेस्टमध्ये नापास होते: एकसमान दाब दिला तरी पलीकडे एकसमान पोचत नाही. सरफेस-टू-सरफेस किंवा मॉर्टार (अट सुट्या बिंदूंवर न लावता पृष्ठभर सरासरीने लावणाऱ्या मांडण्या) लावल्यावर शिखरं गेली. दाबाचं वितरण हवं असेल तर मी हा निर्णय पेनल्टीच्या आधी घेतो. नुसता एकूण बल-विस्थापन आलेख हवा असेल तर नोड-टू-सेगमेंट आणि साधी पेनल्टीही पुरते.

मेश संपर्काच्या त्रिज्येत किमान दहा एलिमेंट बसतील इतकी बारीक करा आणि घर्षण बंद ठेवून आधी वरचे हर्ट्झचे आकडे जुळवा. मग घर्षण घाला. कूलंब घर्षणात भाग घसरायला लागला की टॅन्जंट मॅट्रिक्स (न्यूटनच्या प्रत्येक फेरीतला कडकपणाचा मॅट्रिक्स) असममित होतो, म्हणून तेव्हा सॉल्व्हरचा असममित पर्याय सुरू करायला विसरू नका.