यूएसबी उपकरणांच्या कामात करिअर होतं का?

प्रश्न: मी ई अँड टीसी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. काकांच्या दुकानातल्या काट्याचं वजन थेट बिलात यावं म्हणून पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. केबलमध्ये काट्याचा सिरियल डेटा यूएसबीत बदलणारी सीएच३४० चिप आहे. कोडमध्ये पोर्ट 'कॉम३' दिलाय. विंडोजवर व्यवस्थित चालतं, उबुंटूवर पोर्टच सापडत नाही. मित्र म्हणतात, हे सोड आणि वेब डेव्हलपमेंट शिक. काय करू? – एक विद्यार्थी, जि. सांगली

उत्तर: सोडू नकोस. तू जिथे अडलायस, ते सोडवण्याचेच या क्षेत्रात पगार मिळतात.

'कॉम३' हे नाव विंडोजने दिलेलं आहे. लिनक्सवर (उबुंटू हे त्याचंच एक रूप) तीच केबल सहसा 'टीटीवाययूएसबी०' म्हणून दिसते, मॅकवर तिसऱ्याच नावाने. पण केबल लावताच ती आपला व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक) आणि प्रॉडक्ट आयडी (उत्पादनाचा क्रमांक) सांगते, आणि ते कुठेही बदलत नाहीत. उबुंटूवर जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी 'एलएसयूएसबी' कमांड दे. सीएच३४० असेल तर बहुधा १ए८६:७५२३ ही जोडी दिसेल. पायसिरियल ही पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संच) पोर्टांची यादी देते, त्यातही हे आकडे असतात. प्रोग्रामला त्यावरूनच पोर्ट शोधू दे. मग 'परमिशन डिनाइड' आलं, तर तुझा युजर सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाल आणि पुन्हा लॉगिन कर.

सगळी उपकरणं इतकी सरळ नसतात. बारकोड स्कॅनर बहुतेकदा कीबोर्ड म्हणून येतो. कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल (संगणकाशी बोलण्याची पद्धत) असेल, तर सी भाषेतली लिबयूएसबी ही लायब्ररी वापरतात. कोड तिन्ही सिस्टिमवर जवळपास तोच राहतो, पण विंडोजवर उपकरणाला मायक्रोसॉफ्टचा विनयूएसबी ड्रायव्हर जोडावा लागतो आणि लिनक्सवर यूडेव्हचा (उपकरणं सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहून परवानगी द्यावी लागते. ही जुळवाजुळव ग्राहकाला कळूही न देता करून देणारा माणूस वैद्यकीय उपकरणं, टेस्टिंगची यंत्रं, बिलिंग मशिन, गाड्यांचं डायग्नोस्टिक बनवणाऱ्यांना लागतो. नोकरीच्या जाहिरातीत 'एम्बेडेड' (यंत्राच्या आत बसवलेला संगणक) किंवा 'फर्मवेअर' (त्या यंत्रातला प्रोग्राम) हे शब्द शोध. वेबच्या मानाने जागा कमी निघतात आणि मुलाखतीत सी भाषा खोलात विचारतात, हेही ध्यानात ठेव. तरी दुकानातला खरा प्रश्न हातात घेऊन इतकं पुढे आलेला मुलगा इथे टिकेल, असं मला मनापासून वाटतं.

आता थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घे. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पीजी डिप्लोमा करता येतो. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. तोवर रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घे आणि टायनीयूएसबी ही उपकरणाच्या बाजूची यूएसबी लायब्ररी वापरून स्वतःचं छोटं उपकरण बनव: संगणकावरून आज्ञा दिली की दिवा लागावा, बटण दाबलं की संगणकाला कळावं. विंडोज आणि लिनक्स, दोन्हींवर चालव. मॅक मिळाला नाही तर अडून बसू नकोस. काही बिघडलं की वायरशार्क या डेटाची देवाणघेवाण दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उपकरण आणि संगणक यांच्यात नेमकं काय गेलं ते पाहा. चुकलेल्या प्रयत्नांच्या नोंदींसकट सगळं गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेव आणि बायोडेटात त्याची लिंक सगळ्यात वर दे.