अंजनी कुंपणाला लावू का?

प्रश्न : मार्चमध्ये महाबळेश्वरला एका झुडपाच्या फांद्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके बिलगलेले पाहिले. जूनमध्ये गेलो तर त्यालाच काळी फळं, आणि सोबतचा वाटाड्या ती तोंडात टाकत होता. हे झुडूप कोणतं? पुण्यात कुंपणालगत तीन फुटांचा पट्टा मोकळा आहे, तिथं येईल का?

उत्तर : ही आपली अंजनी. महाबळेश्वर-माथेरानच्या सदाहरित रानात पावलोपावली भेटते. महाबळेश्वरचं रान अभ्यासक ‘अंजनी-जांभूळ-पिसा’ अशा तीन झाडांच्या नावानंच ओळखतात.

वाटाड्यानं खाल्लं ते बरोबरच. पण फळावर फार भिस्त ठेवू नका. मटाराएवढं फळ, टोकाला डाळिंबासारखा चिमुकला मुकुट, आत एकच टपोरी बी आणि गर नावापुरता. जरा गोड लागतं न लागतं तोच जीभ तुरटते. माझ्याकडे तर पिकलेलं फळ बुलबुल माझ्या आधी गाठतात.

लावायची ती फुलांसाठी आणि बारमाही हिरव्या, जाड, चकचकीत पानांसाठी. मात्र मेंदीसारखी छाटून चौकोनी करू नका. फुलं येतात ती जुन्या, पानं गळलेल्या फांदीवर, पेरापेराला. कात्री चालली की पुढचा बहर गेलाच म्हणून समजा.

रोप घेताना नावाला फसू नका. मी एकदा रोपवाटिकेत ‘अंजन’ मागितलं आणि दोन वर्षं इमानानं पाणी घातलं. आपट्यासारखी जोडपानं दिसू लागली तेव्हा कळलं, हा खानदेशातला अंजन वृक्ष! पुढं तो केवढा होतो हे माहीत असल्यानं मुकाट्यानं एका मित्राच्या शेतावर पोचवला.

त्यापेक्षा बी लावा. पिकलेलं फळ चोळून, गर धुऊन त्याच दिवशी पेरायचं. मी वाळवून ठेवलेल्या बियांतली एकही रुजली नाही. रानातलं रोप मात्र उपटू नका; राखीव वनात तो गुन्हा आहे, शिवाय मुळं दुखावलेलं रोप सहसा जगत नाही.

पुण्याच्या उन्हात पहिले दोन-तीन उन्हाळे सावली धरा, बुंध्याशी पाचोळ्याचा जाड थर ठेवा. पाणी साचू देऊ नका. आणि घाई असेल तर दुसरं काही लावा. माझी अंजनी सहाव्या वर्षी कमरेएवढी झाली. आठव्या वर्षी मार्चमध्ये पहिला निळा झुबका आला, तोही कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या बाजूला.