नवा टॅबलेट जाहीर झाला? जरा थांब

पहिल्या दिवशीच्या प्रतिक्रिया वाच जरूर, पण त्यात दोन जाती असतात हे ओळख. ‘यात अमुक नाही’ हे बहुधा खरं निघतं. ‘हे कोण घेणार?’ हे मात्र अंदाजपंचे.

२७ जानेवारी २०१० ला अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनी सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा ‘हा तर नुसता मोठा आयपॉड टच’ (म्हणजे अ‍ॅपलचंच खिशात मावणारं, फोन नसलेलं टचस्क्रीन यंत्र) म्हणून कितीतरी लोकांनी नाकं मुरडली. कॅमेरा नाही, यूएसबी पोर्ट नाही, वेबवरचे व्हिडिओ आणि गेम चालवणारं अडोबी कंपनीचं ‘फ्लॅश’ सॉफ्टवेअर चालत नाही. तक्रारी खोट्या नव्हत्याच. पुढच्या वर्षी आयपॅड २ आला तो दोन कॅमेरे घेऊन. फ्लॅश मात्र कधीच आला नाही, आणि २०११ च्या नोव्हेंबरात खुद्द अडोबीनेच मोबाइलवरच्या फ्लॅशचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. खपाचं म्हणशील, तर विक्री सुरू झाल्यापासून २८ दिवसांत दहा लाख आयपॅड गेले.

आपल्याकडच्या ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटचं उलटं. ऑक्टोबर २०११ मध्ये किंमत ऐकूनच लोक खूश. ३६६ मेगाहर्ट्झचा मंद प्रोसेसर आणि दाबल्याशिवाय दाद न देणारा रेझिस्टिव्ह स्क्रीन, तिकडे स्वस्ताईच्या कौतुकात कोण बघतो!

तेव्हा तू रॅम बघ, अपडेट किती वर्षं मिळणार ते विचार, आणि दुकानातला नमुना हातात धरून दहा मिनिटं काहीतरी वाच. वजन कागदावर कळत नाही. नुसतं वाचायला आणि व्हिडिओ बघायलाच हवा असेल, तर नवा बाजारात येऊ दे आणि मागचं मॉडेल उतरलेल्या भावात घे.