ॲपची सिंह, पंचांगाची कन्या आणि अक्षर 'ठ'

तुझा प्रश्न मला असा कळला. मुलगी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. ॲप तिची रास सिंह दाखवतंय, म्हणून तुम्ही दोघांनी 'सिंहिका' जवळजवळ नक्की केलंय. सासूबाईंच्या गुरुजींनी मात्र कन्या रास, हस्त नक्षत्र, चौथं चरण असं सांगून 'ठ' अक्षर काढून दिलंय. बारसं रविवारी आहे आणि घरात दोन तट पडलेत.

आधी सिंहिकेचं बघू. ते नाव नको गं. सुंदरकांडात हनुमान समुद्रावरून उडत असताना त्याची सावली पकडून त्याला खाली खेचणारी राक्षसी ती सिंहिका. राहूच्या आईचं नावही सिंहिकाच. ऐकायला भारदस्त वाटतं, पण बारशाला आलेली एखादी काकू पाळण्याशीच हे सांगून मोकळी होईल. त्यापेक्षा मी आजच सांगते.

आता रास. ॲप आणि गुरुजी दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ॲप सूर्य बघतं, तोही पाश्चात्त्य पद्धतीने. त्या पद्धतीत साधारण 23 जुलै ते 22 ऑगस्ट सूर्य सिंहेत असतो. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने राशी मोजणारं, त्यात सुमारे 24 अंशांचा फरक पडतो, म्हणून आपल्याकडे सूर्य सिंहेत जातो तो 17 ऑगस्टच्या आसपास. संक्रांतीवरून पटकन कळेल: आपण तिळगूळ वाटतो 14-15 जानेवारीला, सूर्य मकरेत गेला म्हणून. ॲपच्या हिशेबाने मकर 22 डिसेंबरच्या सुमारासच सुरू झालेली असते. म्हणजे आपल्या गणिताने तुझ्या लेकीचा सूर्यसुद्धा सिंहेत नाही, कर्केत आहे. आणि आपल्याकडे 'रास कोणती' विचारतात ती चंद्राची.

चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, एका नक्षत्रात साधारण एक दिवस, आणि नक्षत्राच्या एका चरणात जेमतेम सहा तास. 27 नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, दर चरणाला नावासाठी एक अक्षर, झाली 108 अक्षरं. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. अवकहडा चक्र, म्हणजे हे अक्षरांचं कोष्टक, करणाऱ्याने गणित बसवलं, आयांचा विचार केला नाही! 'ण'वरून एक तरी मराठी नाव सांग. आर्द्रेला 'ङ' येतो, उत्तराभाद्रपदेला 'ञ'. त्या मानाने तुझं बरं आहे. 'ठ'वरून आपल्याकडे ठकू होत्या, ठमी होत्या, लाकडाच्या बाहुलीलाही ठकी म्हणायचे. पण आज शाळेत 'ठकू' अशी हाक पडली तर पोरगी तुला आयुष्यभर ऐकवेल.

सासूबाईंवर मात्र चिडू नकोस. पूर्वी घरोघरी पत्रिका नसायची. नावाचं पहिलं अक्षर हीच खिशातली पत्रिका. स्थळ आलं की दोन नावांवरून नक्षत्रं काढायची आणि गुण जुळवायचे. तुझ्याकडे जन्मवेळ मिनिटासकट लिहिलेली आहे. उद्या कुणाला पत्रिका हवीच असेल तर ती त्यावरून होईल. मुलीचं नाव काहीही ठेवलंस तरी तिचं हस्त नक्षत्र कुठे जात नाही.

आणि हे सासूबाईंना त्यांच्याच भाषेत सांगता येतं. नामकरणाच्या विधीत नावं चार असतात: देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने ती लिहितात. नावरस नाव, म्हणजे चरणाच्या अक्षरावरून ठेवलेलं नक्षत्रनाम, त्या चारांतलं फक्त एक. हाक मारायचं नाव वेगळं ठेवायची सोय शास्त्रानेच केलेली आहे. माझंच घे. माझं नक्षत्र आश्लेषा, चौथं चरण, अक्षर 'डो'. माझं नावरस नाव डोलावती आहे हे मला लग्नात गुरुजींनी पत्रिका वाचली तेव्हा कळलं. नवरा अजून भांडणात तेच वापरतो.

तेव्हा तांदळात 'ठ'चं नाव लिहा, सासूबाईंना निवडू दे. हाकेचं नाव राशीशी जुळतं हवंच असेल तर हस्ताच्या पहिल्या चरणाचं 'पू' घे. नक्षत्रही तेच, रासही तीच. पूर्वा छान आहे, पूर्णिमा आहे. कन्या राशीतच उत्तरा नक्षत्राचे पा, पी आणि चित्रा नक्षत्राचे पे, पोही येतात. पालवी, पावनी, प्राजक्ता चालतील. जोडाक्षरात पहिलं व्यंजन धरतात.

पण मला विचारशील तर अक्षर सोडून नक्षत्रच धर. हस्ताची देवता सविता, म्हणजे सूर्य. सावित्री हे नाव त्यातूनच येतं, आणि महाराष्ट्रात त्या नावाला सावित्रीबाई फुल्यांमुळे केवढं वजन आहे! शिवाय तुम्हाला सिंहेतून हवं होतं ते सूर्याचं तेज इथे आपोआप आलं. सप्टेंबरअखेर सूर्य हस्तात जातो तेव्हा आपण पाटावर हत्ती काढून भोंडला खेळतो. लेकीला सांगायला तेवढी गोष्ट पुरे. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा, दक्षिणेकडे ठळक चित्रा दिसेल, तिच्या जरा खाली उजवीकडे चार ताऱ्यांचा वाकडा चौकोन. तेच हस्त. (मनुस्मृतीत नक्षत्राचं नाव असलेली मुलगी करू नये असं म्हटलंय. तरी आपल्याकडे रोहिणी, रेवती, अश्विनी, अनुराधा घरोघर आहेत आणि सगळ्यांची लग्नं झाली.)

जन्मवेळ एकदा ताडून घे. चरण सहा तासांचं असल्याने पाच-दहा मिनिटांनी सहसा बिघडत नाही, चरण बदलायच्या वेळेला जन्म असेल तरच. परदेशातल्यांची गंमत वेगळी. माझ्या भाच्याचा मुलगा उन्हाळ्यात न्यू जर्सीला झाला आणि इकडे आजीने तिथलंच घड्याळ धरून आपलं पंचांग उघडलं. साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे दीड चरण. अक्षर चुकलं ते चुकलंच, आणि तोवर चांदीच्या वाटीवर नाव कोरून झालं होतं.

रविवारपर्यंत ठरलं नाही तरी आभाळ कोसळत नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नाव पुढे 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. इंग्रजी स्पेलिंग मात्र दोघांनी बसून आधी कागदावर लिहा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. 'पूर्वा'त एक यू की दोन ओ, एवढ्यावरून आमच्या शेजारी नगरपालिकेच्या चार चकरा झाल्या.

घुगऱ्या आदल्या रात्री भिजत घाल. आत्या येणार आहे ना कानात कुर्र करायला? तिला नाव आधी सांगून ठेव. आमच्याकडची आत्या ऐनवेळी भलतंच बोलली आणि पोराला अजून निम्मे नातेवाईक त्याच नावाने हाक मारतात.