निर्यातीचा आकडा वाचताना

निर्यातीचा अभ्यास सुरू करतोयस, तर आधी एक सवय मोड: एकूण आकडा बघून देशाची ताकद ठरवायची. व्हिएतनाममधून फोन बाहेर पडला की त्याची पूर्ण किंमत व्हिएतनामच्या खात्यात चढते. आतली चिप, कॅमेरा बहुतेक वेळा बाहेरूनच आलेले असतात. देशात खरी भर किती पडली, हे ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) आणि जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यवर्धित व्यापाराच्या आकडेवारीत सापडतं. ती उशिरा येते, वाचायला कंटाळवाणी आहे, तरी वाच.

धोका मोजताना नवखे फक्त गिऱ्हाईक देश बघतात. मीही तेच करायचो. आयातीकडे बघ. जुलै 2019 मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीनच रसायनांवरचे नियम कडक केले: फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड. कारण सुरक्षेचं सांगितलं. पार्श्वभूमीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानने कोरियन लोकांकडून करून घेतलेल्या सक्तीच्या मजुरीचा जुना वाद होता. आयातीच्या बिलात ही रसायनं किरकोळ, पण कोरियाच्या निर्यातीचा कणा म्हणजे चिप, आणि पहिल्या दोन रसायनांवाचून तिचं काम अडतं. म्हणून मालाची किंमत नंतर बघ, आधी दुसरा पुरवठादार आहे का ते बघ. आणि असला तरी त्याचा माल चाचण्यांत पास व्हायला महिनोन्महिने जातात.

सागरी मार्गांचं गणित निराळं. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर ती आफ्रिकेच्या दक्षिणेच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. अशा वेळी निर्यात लगेच घटलेली दिसेलच असं नाही. भाडं, विमा आणि वाटेत अडकलेलं भांडवल मात्र वाढतं. ते निर्यातदाराच्या नफा-तोटा पत्रकात आणि ताळेबंदात शोध.